आठ शहरांचं सांडपाणी, एक प्लांट: मालक कोण, पैसे कोणाचे, तपासणी कोणाची?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात, दक्षिण बे एरियातल्या एका छोट्या शहरात राहतो. नुकतीच सांडपाण्याच्या (सुएर) दरवाढीची नोटीस टपालाने आली. इथे १९९६ च्या प्रपोझिशन २१८ मुळे असे दर वाढवायचे तर घरोघरी लेखी नोटीस पाठवून किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. वाढीचं मुख्य कारण दिलंय: प्रादेशिक प्लांटच्या नूतनीकरणातला आपला हिस्सा.

हा प्लांट आमच्या शहराचा नाही. अल्विसोला, हायवे २३७ च्या उत्तरेला, खाडीला टेकून तो उभा आहे. मालक दोन: सॅन होजे आणि सांता क्लारा. चालवते सॅन होजे. पण सांडपाणी येतं आठ शहरांचं. या दोघांशिवाय मिल्पिटस, क्युपर्टिनो, कॅम्पबेल, साराटोगा, लॉस गॅटोस आणि मॉन्टे सेरेनो. सुमारे १५ लाख लोक.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पैसे आम्ही देतो, तर निर्णयात आमचं काय चालतं? आमच्या हद्दीतल्या कारखान्याने गटारात काही भलतंच सोडलं तर त्याला पकडायचं कोणी, आमच्या शहराने की सॅन होजेने? आणि मी मूळचा चिंचवडचा, म्हणून हेही विचारतो: एका नदीवर बसलेल्या आपल्या दोन महापालिकांना असं काही का जमू नये?

टेकडीवरची:
छान विषय. बे एरियातले निम्मे मराठी लोक सनीव्हेल-क्युपर्टिनोत असतील आणि फ्लश केल्यावर पाणी जातं कुठे हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. सनीव्हेलचा प्लांट त्यांचा स्वतःचा, वेगळा. माउंटन व्ह्यू आणि लॉस आल्टोसचं पाणी पालो आल्टोला जातं. फ्रीमॉन्टचं युनियन सॅनिटरी डिस्ट्रिक्टकडे. गणपतीला एका हॉलमध्ये जमणारे आपण, सांडपाण्याच्या बाबतीत चार वेगळ्या वॉर्डांतले आहोत. :)

हिशेबनीस:
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण पैशाची वाटणी हाच अशा कराराचा कणा असतो.

१९५६ मध्ये सॅन होजेने प्लांट सुरू केला, तेव्हा फक्त प्राथमिक प्रक्रिया होती, म्हणजे गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी सोडायचं. फळं डबाबंद करणाऱ्या कॅनरी जोरात होत्या. हंगामात त्यांच्या साली-गराचा भार शहराच्या मैल्याहूनही भारी पडायचा. १९५९ च्या कराराने सांता क्लारा सहमालक झालं. मालकीचा हिस्सा दोन शहरांतल्या मालमत्तेच्या करमूल्यावर ठरतो, म्हणून चार पंचमांशाच्या आसपास सॅन होजेचा. बाकीच्यांशी १९८३ मध्ये मास्टर करार झाले. ती शहरं मालक नाहीत, त्यांनी क्षमता घेतली आहे. प्रत्येकाला ठरलेल्या प्रवाहाचा आणि भाराचा, म्हणजे त्यातल्या घाणीचा, हक्क. कमी पडला तर शेजाऱ्याकडून विकत घेता येतो, आणि असे व्यवहार झालेले आहेत.

चालवण्याचा खर्च चार मापांवर वाटतात: किती पाणी आलं, बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) किती, तरंगता गाळ किती, अमोनिया किती. हे फार महत्त्वाचं आहे. नुसत्या लिटरवर वाटलं असतं तर पाणी वाचवून घट्ट मैला पाठवणारा स्वस्तात सुटला असता आणि घरगुती वस्तीचं शहर कारखान्याच्या शहराचा खर्च उचलत बसलं असतं.

निर्णयाचं म्हणाल तर एक सल्लागार समिती आहे, सगळे तिला टीपॅक म्हणतात. मालक शहरांचे नगरसेवक आणि सहभागी संस्थांचे प्रतिनिधी तिच्यावर बसतात. बजेट, मोठी कंत्राटं आधी तिथे येतात. पण ती शिफारस करते. शेवटचा शब्द सॅन होजेच्या सिटी कौन्सिलचा.

खाडीकाठचा:
म्हणजे आमचं मत ऐकून घेतलं जातं, मोजलं जात नाही. बरोबर?

हिशेबनीस:
मोजलं जातं, पण समितीत बहुमत मालकांचं. याच्यावरून कुरबुर जुनी आहे. प्लांटचा बराच भाग ५०-६० वर्षांचा झाल्यावर २०१३ मध्ये मास्टर प्लॅन मंजूर झाला आणि अब्जावधी डॉलरची कामं निघाली. तेव्हा भांडवली खर्च कोणी किती उचलायचा यावरून सहभागी संस्था आणि मालक शहरं यांचा वाद कोर्टापर्यंत गेला. तरी त्या काळात एकाही शहराचं मैलापाणी कोणी अडवलं नाही. भांडण कागदावर, काम पाइपात. करार नीट लिहिलेला असेल तर एवढं साधतं.

शेजारीणबाई:
हे तर आमच्या सोसायटीसारखंच. टाकी दोन बिल्डिंगच्या नावावर, पाणी आठ बिल्डिंगना, आणि मीटिंगला येतात तेच दोघे.

निवृत्त_उपअभियंता:
हिशेबनीस, माहिती चांगली आहे. पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. आयुष्य जलनिःसारणात गेलं आहे, त्यामुळे जरा लांबेल.

अशी रचना आपल्याकडे आणली की नद्या साफ होतील असं इथे कोणाला वाटत असेल तर ते मला पटत नाही. आपला आजार वेगळा आहे. तिथे घराघरातला मैला बंद पाइपातून प्लांटच्या दारात येतो आणि मग प्रश्न उरतो वाटणीचा. आपल्याकडे मोठा भाग दारात येतच नाही. तो नाल्यात जातो. नाला ओढ्यात आणि ओढा नदीत. प्लांट अर्धा रिकामा चालतो आणि दोन किलोमीटरवर नदी काळी वाहते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुण्यात जायका (जपानी कर्जाच्या) प्रकल्पात ११ प्लांट, ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), असा आराखडा झाला. करार २०१६ चा. प्लांट बांधणं सोपं, मंडळी. गल्लीबोळातल्या मलवाहिन्या टाकणं, जुन्या वाड्यांची जोडणी, नाल्याच्या तोंडाशी अडवणी, आणि नंतर वर्षानुवर्षं विजेचं बिल भरणं हे अवघड. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की महिन्याचं बिल निम्मं होतं, हा मोह कुठल्याही पालिकेला पडतो.

एका समितीने हे सुटणार नाही. आधी पाइप.

पवनामाई:
काका, पाइप हवाच. पण मुळा नदीचं बघा ना. वाकड, सांगवी, दापोडी हा काठ पिंपरी-चिंचवडचा आणि समोर बाणेर, औंध, बोपोडी पुण्याचा. मध्ये खडकी कॅन्टोन्मेंट. पवना दापोडीला मुळेला मिळते. तिथे फेस आला की या काठाची पालिका त्या काठाकडे बोट दाखवते, आणि दोघीही वरच्या ग्रामपंचायतींकडे. पुढे संगमावर मुठा मिळते, मग भीमा, मग उजनी. सोलापूरचं पिण्याचं पाणी उजनीतून उचललं जातं. सोलापूरकराने कोणाला जाब विचारायचा? दोन पालिका आपापल्या प्लांटचे आपापले आकडे दाखवतात आणि दोन्ही आकडे बरोबर असूनही नदी घाण असू शकते, कारण नदीचा आकडा कोणाच्याच नावावर नाही.

सॅन होजेच्या प्रकरणात मला आवडलं ते हे की खाडीत पडणाऱ्या पाण्याच्या परवान्यावर ठरावीक नाव आहे.

फिल्टरप्रेस:
दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही, आणि माझ्या मते धाग्याचा जीव तिथे आहे. मी भोसरीत प्लेटिंगमध्ये, म्हणजे धातूला मुलामा देण्याच्या कामात होतो, आता सॅन होजेजवळ त्याच धंद्यात आहे. दोन्हीकडची तपासणी पाहिली आहे.

आधी काम काय असतं ते सांगतो. क्रोमच्या टाकीतून जॉब (मुलामा दिलेला भाग) वर काढला की त्याला लागून थोडं द्रावण येतं आणि धुण्याच्या पाण्यात उतरतं. ते पाणी पिवळं दिसतं, तो विषारी सहा-संयुजी क्रोम. त्यात आम्ल घालून पीएच खाली आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. काही मिनिटांत पिवळ्याचं हिरवं होतं. हिरवं म्हणजे क्रोम तीन-संयुजी झाला. मग चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच वर न्यायचा. क्रोम गाळ होऊन बसतो, तो फिल्टर प्रेसमध्ये दाबून वडी करायची आणि घातक कचऱ्यात पाठवायची. उरलेलं पाणी गटारात. यात रसायनाचा खर्च आहे आणि माणसाचं लक्ष लागतं. रात्रपाळीला यातली एक पायरी गाळायचा मोह कुठेही होतो, भोसरीत आणि इथेही.

इथे फरक काय? फेडरल नियम असा की दिवसाला ५ दशलक्ष गॅलनच्या वरचा प्लांट चालवणाऱ्या संस्थेलाच, कारखाने तिला जोडलेले असतील तर, त्यांना परवाना द्यावा लागतो, आत जाऊन नमुने घ्यावे लागतात आणि दंडही करावा लागतो. प्लेटिंग, सेमीकंडक्टर यांना तर पाणी कमी असलं तरी सहसा सूट नाही. बाकी कोणाचं दिवसाला २५,००० गॅलन प्रक्रियेचं पाणी असेल तर तोही मोठ्या यादीत. वर्षातून किमान एकदा तपासणी आणि नमुना. आणि आमच्यातल्या सगळ्यांना जिची धास्ती असते ती गोष्ट: वर्षभरात ज्यांनी नियम ठळकपणे मोडले त्यांची नावं स्थानिक वर्तमानपत्रात छापायची. दंड भरता येतो राव, पण आपलं नाव गिऱ्हाइकाने पेपरात वाचलं की ऑर्डर जाते.

कारखाना मिल्पिटसमध्ये असला तरी हे लागू होतं. प्रत्येक सहभागी शहराला आपल्या हद्दीत निदान तितकाच कडक नियम करावा लागतो आणि प्लांटच्या निरीक्षकाला आत यायचा हक्क करारातून मिळतो. निरीक्षक येतो, मॅनहोलचं झाकण काढतो, आत बर्फाने वेढलेल्या बाटलीचं यंत्र टांगतो. ते २४ तास थोडं थोडं पाणी ओढत राहतं. रात्री दोनला काय सोडलं तेही बाटलीत येतं.

भोसरीत कारखान्याला संमतीपत्र प्रदूषण मंडळाचं, गटार पालिकेचं, आणि नदीची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे. पालिकेच्या प्लांटमधले जिवाणू क्रोमने मेले तरी पालिका कारखान्याला थेट फारसं काही करू शकत नाही, ती मंडळाला पत्र लिहिते. ज्याच्या प्लांटचं नुकसान होतं त्याच्याच हातात झडती नाही.

अनुराधा_के:
फिल्टरप्रेस, प्रतिसाद फार आवडला. बाटलीचं यंत्र डोळ्यांसमोर आलं.

याला जोडून पालो आल्टोची एक गोष्ट. तो प्लांटही सामायिक आहे: पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, लॉस आल्टोस, लॉस आल्टोस हिल्स, स्टॅनफर्ड आणि पूर्व पालो आल्टोचा सॅनिटरी डिस्ट्रिक्ट. १९७२ पासून चालू. सोडलेलं पाणी जिथे पडतं त्याच्याजवळच्या चिखलात आपल्या खायच्या तिसऱ्यांसारखे छोटे शिंपले राहतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे शास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून तिथले शिंपले उचलून तपासत आले आहेत. तेव्हा त्यांच्या अंगात तांबं आणि चांदी भरपूर होती. चांदी कुठली? बरीचशी फोटो धुण्याच्या धंद्याची. शिंपले जगत होते पण त्यांना पिल्लं होत नव्हती. ८० च्या दशकात प्रक्रिया सुधारली, गटारात धातू सोडण्यावर बंधनं आली, आणि शिंपल्यांतलं तांबं-चांदी उतरत गेलं. नंतर प्रजनन पुन्हा सुरू झालं.

एकाच ठिकाणचे नमुने दशकानुदशकं घेत राहण्याची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. निर्बंधाचा उपयोग झाला का, याचं उत्तर त्या चिखलात मिळालं.

गावठाण:
तिसऱ्यांची आठवण काढू नका हो, श्रावण चालू आहे.

पंचगंगा:
निवृत्त काकांशी मी निम्मा सहमत. कोल्हापूरचा जयंती नाला वर्षानुवर्षं पंचगंगेत, आणि खाली इचलकरंजी. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो आजारी पडले, माणसं दगावली. आमच्या ओळखीच्या घरातही आजारपण झालं. वरच्या शहराचा मैला आणि खालच्या शहराचं पिण्याचं पाणी ही एकच गोष्ट आहे हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं. मग कसबा बावड्याचा प्लांट, दुधाळीचा प्लांट, कोर्टाच्या तारखा. पण खालच्या गावाला वरच्या गावाच्या बजेटवर बोलायचा हक्क आजही नाही. टीपॅकसारखी नुसती सल्लागार समिती असती, तिथे इचलकरंजी आणि शिरोळचा माणूस बसला असता आणि दर महिन्याला विचारलं असतं की पंप का बंद होता, तरी मला ते खूप वाटलं असतं.

एसेनकर:
जर्मनीतून लिहितो. यातलं सगळ्यात जुनं उदाहरण आमच्या रुहर भागातलं आहे. १८९९ मध्ये बोखुमला एमशरगेनॉसेनशाफ्ट, म्हणजे एमशर नदीची सहकारी संस्था, स्थापन झाली. नगरपालिका, कोळसा खाणी, कारखाने सगळेच सभासद, आणि वर्गणी किती? जो जितकी घाण करतो आणि जितका फायदा घेतो तितकी. म्हणजे खाणमालक मालकही आणि देणेकरीही.

खाणींमुळे जमीन खचायची, त्यामुळे भूमिगत गटार टिकायचं नाही. म्हणून एमशर नदीलाच काँक्रीटमध्ये बसवून उघडं गटार केलं. जवळजवळ शतकभर ती तशी वाहिली. खाणी उत्तरेकडे सरकल्यावर १९९२ पासून उलटं काम सुरू झालं: डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटरचा मुख्य भूमिगत कालवा आणि उपनद्यांच्या बाजूने शेकडो किलोमीटर वाहिन्या. २०२१ संपता संपता नदीत मैला येणं थांबलं. खर्च साडेपाच अब्ज युरो. तीस वर्षं इतक्या नगरपालिका, बदलती सरकारं, तरी काम थांबलं नाही, कारण ही संस्था कोणा एका महापौराची नव्हती.

निवृत्त_उपअभियंता:
एसेनकर, हे माझ्याच म्हणण्याला पुष्टी देतं. ५१ किलोमीटर पाइप!

पवनामाई:
काका, तो पाइप टाकायला संस्था लागली ना? इतक्या नगरपालिकांनी आपापला तुकडा टाकला असता तर सांधे जुळले असते का?

निवृत्त_उपअभियंता:
हा मुद्दा रास्त आहे. हद्दीवरचे सांधे हे आमच्याकडचं कायमचं दुखणं. या पालिकेची वाहिनी ज्या पातळीला संपते तिथून पुढच्या पालिकेची वाहिनी वर असते. मग तिथे पंपिंग स्टेशन, आणि ते कोणी चालवायचं यावर पत्रव्यवहार.

टेकडीवरची:
सगळे पैशावर आणि कारखान्यांवर बोलले, पण सॅन होजेच्या प्लांटला एकेकाळी अडचण आली ती पाणी चांगलं असण्याची. १९७९ पासून तिथे तिसऱ्या पायरीपर्यंत शुद्धीकरण होतं. (त्याच शरदात जैविक प्रक्रिया बिघडून काही आठवडे अर्धवट शुद्ध पाणी खाडीत गेलं होतं, तो धडा जुने लोक अजून सांगतात.) पुढे लक्षात आलं की इतकं गोडं पाणी खाऱ्या दलदलीत पडल्याने तिथली वनस्पतीच बदलतेय आणि खाऱ्या दलदलीतला दुर्मिळ उंदीर आणि क्लॅपर रेल पक्षी यांची जागा जातेय. १९९० च्या सुमारास राज्याच्या जलमंडळाने हात घातला आणि कोरड्या ऋतूत दिवसाला १२० दशलक्ष गॅलन, म्हणजे साधारण ४५० एमएलडी, ही लक्ष्मणरेषा ठरली. प्लांटची क्षमता १६७ दशलक्षाची असूनही!

त्यातून जांभळ्या पाइपांचं जाळं आलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी पुनर्वापराचं पाणी बागांना, कूलिंग टॉवरना जाऊ लागलं. सांता क्लाराच्या लिव्हाइज स्टेडियमचं हिरवळीचं आणि टॉयलेटचं पाणी तेच. आठ शहरांनी एकत्र केलं म्हणून परवडलं, एकट्या कॅम्पबेलला झेपलं नसतं.

हिशेबनीस:
आणि दरवाढ इथेच थांबणार नाही, खाडीकाठचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को खाडीत लाल शैवाल फुटलं, स्टर्जनसकट ढिगाने मासे मेले. शैवालाचं खाद्य नायट्रोजन, आणि तो मुख्यत्वे सांडपाण्यातून येतो. २०२४ च्या जुलैत प्रादेशिक जलमंडळाने खाडीभोवतीच्या ३७ प्लांटसाठी मिळून एकच परवाना काढला: दहा वर्षांत कोरड्या ऋतूतला नायट्रोजन एकूण ४० टक्के कमी. म्हणजे शहरांच्या सामायिक प्लांटवर आता प्लांटांचं सामायिक बंधन. सॅन होजेत नायट्रोजन काढण्याची प्रक्रिया आधीपासून आहे, त्यामुळे त्यांचा भार इतरांहून हलका असेल.

खाडीकाठचा:
सगळ्यांचे आभार. माझं मत आता असं झालंय: दरवाढीला विरोध करणार नाही, पण सुनावणीत विचारणार की आमच्या हिश्श्याचा भार कुठल्या वर्षाच्या मोजणीवर काढला. आणि टीपॅकची बैठक नागरिकांना खुली असते, तिथे आमचा प्रतिनिधी काय बोलतो ते ऐकायला जाणार. आपण ज्याला मत दिलं तो माणूस तिथे बसतो हेच मला माहीत नव्हतं.

शेजारीणबाई:
जा नक्की, आणि इथे लिहा. मीही येईन, कार्पूल करू.

पवनामाई:
मी इकडे एवढं करते: दापोडीच्या संगमाच्या वर पवनेचे आणि खाली मुळेचे नमुने गेल्या पाच वर्षांत कधी घेतले, निकाल काय, हे माहिती अधिकारात मागते. दोन्ही पालिका आणि प्रदूषण मंडळ, तिघांकडे एकाच दिवशी अर्ज. आकडे शेजारी शेजारी मांडले की निदान भांडायला एकच तक्ता असेल. फिल्टरप्रेस दादा, नेमकं काय मागू?

फिल्टरप्रेस:
बीओडी, अमोनियाकल नायट्रोजन, फीकल कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू), विरघळलेला ऑक्सिजन आणि धातूंमध्ये निदान क्रोम, निकेल, जस्त. प्रत्येक नमुन्याची वेळ माग, नुसती तारीख नको. सगळे नमुने सकाळी अकरा ते दुपारी दोनमधले निघाले तर रात्रपाळीचं पाणी कोणी पाहिलेलंच नाही असं समज. आणि नमुना एकदा बुडवून घेतलाय की २४ तासांचा, तेही अर्जात लिही. मसुदा इथे टाक, मी बघतो.